एकशे अडुसष्टांपैकी

सकाळी सातला खोलीतले दिवे आपोआप लागतात
आणि तासाभरात माद्यांच्या पोटाखाली
अंड्यांचे घोस लोंबू लागतात.
फुमिए कुसाकाबे जाळीने एकेक मादी उचलते,
घोस अलगद काढून घेते, ओल्या कागदावर
एका बोटाने फिरवते,
वात वळावी तसा.
अंड्यांना केस असतात. केस गुंततात.
तेवीस वर्षं ती हा गुंता सोडवते आहे.

मेदाका म्हणजे उंच डोळ्यांचा.
भातखाचरातला दोन पेरांएवढा मासा,
मिरवायचं काय, तर नावातले डोळे.
आणि टाकी क्रमांक एकोणीसमधलं घराणं
बिनडोळ्यांचं.

आईबाप दोघेही डोळस, बरं का.
दोघांजवळ एकेक बिघडलेली प्रत,
झाकली मूठ.
पिलांत चारातली एक मूठ उघडी पडते.

डोकं होतं तरी कसं,
तिनं एकदा चहाच्या वेळी विचारलं.
इवासे पीएचडीच्या चौथ्या वर्षात, झोप न झालेला.
म्हणाला, शेपटीकडून एक निरोप निघतो, कुसाकाबे-सान,
मागचा हो, मागचा हो.
वाटेतल्या सगळ्या पेशी तो ऐकतात.
फक्त पुढच्या टोकाशी काही जणी दार अडवून उभ्या असतात,
निरोप उंबऱ्यावरूनच परत पाठवतात.
जिथे तो पोचत नाही
तिथे डोकं.

म्हणजे न ऐकणं म्हणजे डोकं?
थोडंफार तसंच.
ती इतकी हसली की चहा सांडला.
सासू बावीस वर्षं तिच्याबद्दल हेच सांगत होती
गल्लीभर.

डोळ्यांचा हुकूम वेगळा, तो पुढे म्हणाला,
डोकं झालं म्हणून डोळे येतातच असं नाही.
कुणीतरी सांगावं लागतं,
आता दोन्हीकडे फुगा, बाहेर या.
एकोणीस नंबरमध्ये ते सांगणारं कुणी नाही.
पेशी असतात. तयार असतात.
आतच बसून राहतात,
आणि मग एकेक करून मरतात.

चहा निवून गेला होता.

मार्चमधल्या त्या मंगळवारी बशीत एकशे अडुसष्ट होती.
चौथा दिवस. तोवर डोळे काळे होतात,
दोन तीळ, चुकायचं काही कारण नाही.
तिनं मोजलं. पुन्हा मोजलं.
सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, मग चष्मा,
मग बाहीनं डोळे.
बशीभर धुकं होतं, मिकावाच्या खाडीवर पहाटे असतं तसं.
तिनं शाईनं लिहिलं: डोळे नाहीत, सत्तेचाळीस.

पुढच्या महिन्यात शहरातल्या दवाखान्यात
तिला हनुवटी टेकवायला सांगितली, कपाळ पट्टीला.
समोरून उजेडाची एक उभी फट आली
आणि त्या फटीमागून कुणीतरी
तिच्या भिंगाकडे बघू लागलं.
हलू नका.
ती हलली नाही.
अंड्यांना ती रोज हेच सांगते, मनातल्या मनात,
आणि ती कधी ऐकत नाहीत, आत गोल गोल फिरत राहतात.

मोतीबिंदू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्हीकडे.
वयच झालंय.

पट्ट्या निघाल्यावर ती परत आली तेव्हा
टाक्यांच्या काचेला ओरखडे होते, केवढे तरी,
आणि इवासेच्या कानशिलावर दोन पांढरे केस.
तिनं वही उघडली.
सत्तेचाळीस तसेच होते, कुणी खोडलं नव्हतं.
शेजारी पेन्सिलीनं, अगदी फिकट,
जणू लिहिणाऱ्याला ते वाचलं जायला नको होतं:
एकोणचाळीस.

आठ.

आठांना डोळे होते.
आठ जण त्या सकाळी पाण्यातून, काचेतून
वर बघत होते,
आणि ती त्यांच्या नावापुढे नाही लिहीत होती.

तिनं दौतीतून पेन काढलं.
पेन्सिलीचा आकडा शाईनं गिरवला,
सावकाश, रेघेबाहेर न जाता.
मग बोट ओलं केलं
आणि पुढचा घोस कागदावर घेतला.